अल्पवयीन आरोपी, प्रौढ समाज

लैंगिक अत्याचाराचा आरोपी जेव्हा स्वतःच अठरा वर्षांच्या आतला असतो, तेव्हा समाजाच्या न्यायबुद्धीची फार अवघड परीक्षा होते. कारण अत्याचार सोसणाऱ्या मुलीची इजा आरोपीच्या जन्मतारखेमुळे तसूभरही कमी होत नाही, आणि तरीही ती इजा करणारा मुलगा प्रौढ गुन्हेगाराइतका घडून, पक्का होऊन गेलेला नसतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांपैकी एक स्वीकारून दुसरे नाकारले की मन मोकळे होते आणि विचार थांबतो. पहिलेच खरे मानणारा फाशीची मागणी करतो, दुसरेच खरे मानणारा मुलाला पाठीशी घालतो. एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांचे एका बाबतीत मात्र एकमत असते : मुलाने आपल्या कृत्याचा जाब खऱ्या अर्थाने द्यावा, अशी व्यवस्था उभी करण्याच्या कष्टातून दोघेही स्वतःची सुटका करून घेतात.

मुलांच्या अपराधांचा विचार प्रौढांपासून वेगळा करावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२९ साली बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तरुण अपराध्यांना तुरुंगाऐवजी शिस्त, शिक्षण आणि हातकाम यांच्या वातावरणात ठेवणाऱ्या संस्थांचा, कायदा आला. पुढे १९८६ च्या बाल न्याय कायद्याने मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा ठरवली. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये मान्य केल्यानंतर २००० च्या कायद्याने ती दोघांसाठीही अठरा केली. तेव्हापासून अशा मुलाला कायदा विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो, त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास मनाई करतो आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते मिळून बनलेल्या न्यायपीठाकडे सोपवतो.

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराने या मांडणीवरचा लोकांचा विश्वास हादरला. सहा आरोपींपैकी एकाला अठरा वर्षे पूर्ण होण्यास काही महिने बाकी होते, आणि ३१ ऑगस्ट २०१३ रोजी बाल न्याय मंडळाने त्याला तेव्हाच्या कायद्यातील कमाल मुदतीसाठी, म्हणजे तीन वर्षांसाठी, विशेष गृहात पाठवले. वयोमर्यादा सोळावर आणावी, ही मागणी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मधील अहवालात फेटाळली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्या मुलाची मुदत संपून सुटका झाली आणि त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवे बाल न्याय विधेयक मंजूर केले. लोकक्षोभ अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु क्षोभाच्या टोकावर असताना केलेल्या कायद्यात शिक्षेचा प्रश्न जितका स्पष्ट सुटतो, तितका सुधारणेचा सुटत नाही, हे पुढील दहा वर्षांनी दाखवून दिले.

जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा, म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक आहे अशा गुन्ह्याचा, आरोप असेल, तर मंडळ तीन महिन्यांच्या आत प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणामांची समज होती का आणि कोणत्या परिस्थितीत कृत्य घडले, हे त्यात पाहिले जाते, आणि मंडळाला योग्य वाटल्यास खटला प्रौढ आरोपीसारखा चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते. येथे न्यायाची पहिली अडचण उभी राहते. कृत्य त्याने केले हे अजून सिद्ध झालेले नसताना ते करताना त्याचे मन कसे होते, याचा निष्कर्ष काढायचा असतो. शिवाय घटनेच्या वेळची समज काही आठवड्यांनंतरच्या एखाद-दुसऱ्या मुलाखतीतून आणि बुद्धिमापनाच्या चाचणीतून ओळखायची असते. हे काम किती नाजूक आहे याची दखल घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये असे ठरवले की, मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे मंडळाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, ते बंधनकारक आहे. ज्या जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञ मिळणेच दुरापास्त आहे आणि ज्या शहरात तो सहज मिळतो, तेथील दोन सारख्या मुलांच्या वाट्याला वेगवेगळे न्याय येत असतील, तर तो दोष त्या मुलांचा खचित नव्हे.

बाल न्याय मंडळाची खोली कशी असावी हे नियमांनी बारकाईने सांगितले आहे. तेथे उंच व्यासपीठ नसावे, साक्षीदाराचा पिंजरा नसावा, मूल आणि सदस्य यांच्यामध्ये कठडा नसावा. मुलाला बेड्या घालू नयेत आणि त्याच्याशी काम पडणाऱ्या पोलिसाने शक्यतो साध्या कपड्यांत असावे. मुलाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या घरी, शाळेत आणि वस्तीत जाऊन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सामाजिक तपास अहवाल द्यावा लागतो. घरात कमावते कोण आहे, शाळा कधी आणि का सुटली, मुलावर पूर्वी कोणी अत्याचार केला होता का, त्याची संगत कोणाची, नशेची सवय आहे का, असे प्रश्न त्या अहवालाच्या नमुन्यात असतात. अहवाल मन लावून तयार झाला तर मंडळासमोर एक माणूस उभा राहतो. रकाने भरण्यापुरता झाला तर केवळ एक गुन्हा क्रमांक उभा राहतो. न्याय या कागदाच्या दर्जावर किती अवलंबून आहे, हे लक्षात घेतले तर परिवीक्षा अधिकाऱ्यांची पदे भरणे आणि त्यांच्यावरील प्रकरणांचा बोजा आटोक्यात ठेवणे, या प्रशासकीय वाटणाऱ्या गोष्टीही नैतिक ठरतात.

मुंबईच्या शक्ती मिल परिसरातील २०१३ सालच्या दोन सामूहिक बलात्कारांनी महाराष्ट्राला याच प्रश्नासमोर आणून उभे केले. प्रौढ आरोपींपैकी तिघांना सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये फाशी सुनावली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलताना, फाशीने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असा विचार मांडला. दोन्ही प्रकरणांत एकेक आरोपी अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने २०१५ मध्ये त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवले. फाशी आणि जन्मठेप यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. नाशिकच्या त्या तीन वर्षांत काय घडावे, या मुलांशी कोणी, किती वेळा आणि कशाविषयी बोलावे, याची चर्चा मात्र जवळजवळ झालीच नाही. तीन वर्षे थोडी की पुरेशी, हा वाद त्या वर्षांचा उपयोग ठरल्याशिवाय निरर्थक आहे. शिवणकाम किंवा सुतारकाम शिकवणे चांगलेच, परंतु दुसऱ्याच्या शरीरावर आपला अधिकार आहे ही समजूत सुतारकामाने जात नाही. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकाने दीर्घकाळ, नेटाने आणि मुलाच्या सबबींना न भुलता काम करावे लागते.

असे काम वाया जात नाही, असे मानण्यास आधार आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, किशोरवयात नियम मोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुले प्रौढपणी त्या वाटेने जात नाहीत आणि आयुष्यभर गुन्हे करणारा गट लहान असतो. लैंगिक अपराध केलेल्या किशोरांविषयी मायकेल काल्डवेल यांनी २०१६ मध्ये शंभराहून अधिक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी नोंद झालेल्यांचे सरासरी प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आढळले. हे अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आहेत आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांपुरतेच बोलतात, ही मर्यादा मान्य करूनही, असा मुलगा कधीच बदलणार नाही या समजुतीला त्यातून पुष्टी मिळत नाही. याउलट, अमेरिकेने २००६ च्या कायद्याने गंभीर लैंगिक गुन्ह्यांतील चौदा वर्षांपुढील मुलांनाही गुन्हेगारांच्या नोंदवहीत आणले. त्यातून शिक्षण, निवारा आणि रोजगार यांना कायमचे मुकलेले तरुण निर्माण झाल्याचे मानवाधिकार संघटनांनी पुढे नोंदवले. भारतातील २०१८ पासूनची लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद तपास यंत्रणांपुरती मर्यादित आहे, आणि बाल न्याय कायदा बहुतेक मुलांच्या दोषसिद्धीच्या नोंदी कालांतराने नष्ट करायला सांगतो. बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांपुढील मुलांना मात्र ही सवलत नाही.

येथवरचे विवेचन केवळ मुलाच्या बाजूचे वाटत असेल, तर दुसऱ्या अन्यायाकडे तितक्याच स्पष्टपणे पाहायला हवे. अल्पवयीन मुलाने केलेला अत्याचार पुष्कळदा घरात, नात्यात किंवा शेजारी घडतो, आणि तेथे फाशीची मागणी करणारा आवाज एकाएकी खाली येतो. पोरगा नासमज आहे, त्याचे पुढचे आयुष्य बरबाद होईल, घराण्याची अब्रू जाईल, अशी वाक्ये वडीलधारी माणसे बोलतात. मुलीची शाळा बदलते, तिला मामाच्या गावी धाडले जाते आणि मुलगा त्याच गल्लीत राहतो. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठीच्या २०१२ च्या कायद्याने, म्हणजे पोक्सोने, अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. पीडित मूल मुलगी असो वा मुलगा, कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. तरीही परक्याच्या मुलासाठी कठोर आणि आपल्या मुलासाठी मवाळ, झोपडपट्टीतला मुलगा गुन्हेगार आणि सोसायटीतला भरकटलेला, अशी दोन मापे घराघरांत चालतात. या दुटप्पीपणातून पीडित मुलीला एकच गोष्ट शिकायला मिळते, की तिच्या इजेची किंमत आरोपीच्या घराण्यावरून ठरते.

न्यायाच्या विचारात आणखी एक भेद करावा लागतो. पोक्सोनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती कायद्याने ग्राह्य नसल्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी यांच्यातील परस्परसंमतीचे प्रेमसंबंध आणि बळजबरीचा अत्याचार एकाच कलमाखाली येऊ शकतात. मुलगी घर सोडून गेली की तिच्या पालकांच्या तक्रारीवरून मुलगा आरोपी होतो, आणि किमान शिक्षा दहा वर्षांची असल्याने तो गुन्हा घृणास्पदही ठरतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करण्यास नकार दिला, परंतु सोळा ते अठरा वयातील अशा प्रकरणांत न्यायालयाला शिक्षेबाबत तारतम्याचा अधिकार असावा, अशी शिफारस केली. जातीबाहेरच्या प्रेमावरचा घरचा राग आणि खरोखरीच्या अत्याचारावरची चीड यांना एकाच तराजूत घालणे हा दोन्हीकडचा अन्याय आहे. त्याने निरपराध मुलगा तुरुंगाच्या दारात जातो आणि अत्याचार सोसलेल्या मुलीच्या तक्रारीकडेही संशयाने पाहण्याची सवय लागते.

तर मग जबाबदारी म्हणजे काय? आपण नेमके काय केले हे मुलाने सबबी न सांगता मान्य करणे, त्यातून दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात काय मोडले हे समजून घेणे आणि पुन्हा तसे न करण्याची क्षमता स्वतःत घडवणे, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. कोंडून ठेवल्याने यांतील एकही पायरी आपोआप चढली जात नाही, आणि प्रकरण दाबून टाकल्याने तर पहिल्या पायरीवर पाऊलच पडत नाही. प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलासाठीही २०१५ च्या कायद्याने हाच निकष ठेवला आहे : तो एकवीस वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानी, म्हणजे प्रौढ कैद्यांपासून वेगळ्या संस्थेत राहतो, शिक्षा त्यापुढे शिल्लक असेल तर बाल न्यायालय त्याच्यात काय बदल झाला हे तपासते आणि त्यानंतरच सुटका की तुरुंग हे ठरवते. पाच वर्षे कोणी त्याच्याशी काम केलेच नसेल, तर त्या दिवशी परीक्षा मुलाची होते आणि नापास मात्र व्यवस्था झालेली असते.

पीडितेविषयीची जबाबदारी याहून वेगळी आणि आधीची आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मनोधैर्य योजनेसारखी मदत तिला वेळेवर मिळणे, खटल्यात काय चालले आहे हे तिला कळणे, आरोपी जामिनावर सुटला तर शाळा आणि रस्ता तिने नव्हे, त्याने बदलणे, या गोष्टी आरोपीच्या वयावर अवलंबून नाहीत. मुलाला सुधारण्याची संधी देण्याची किंमत तिच्या खिशातून वसूल होता कामा नये; तसे झाले तर उदारता दाखवणारा एक आणि सोसणारी दुसरीच असते.

देशात २०२२ मध्ये विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली आणि त्याच वर्षी नोंदलेले एकूण दखलपात्र गुन्हे अठ्ठावन्न लाखांहून अधिक होते. लैंगिक गुन्हे त्या तीस हजारांचा केवळ एक भाग आहेत. एवढ्या मुलांमागे एकेक चांगला परिवीक्षा अधिकारी, एकेक जाणता समुपदेशक आणि सुटकेनंतर काही वर्षे पाठपुरावा, ही मागणी या आकाराच्या देशाला झेपणार नाही अशी मुळीच नाही. कायद्याने मुलाची परिपक्वता मोजण्याची पद्धत ठरवून दिली आहे. समाजाची परिपक्वता मात्र निकालानंतर तो त्या मुलावर आणि त्या मुलीवर किती वर्षे, किती पैसा आणि किती माणसे खर्च करायला तयार आहे, यावरूनच मोजावी लागेल.