सांत्वनाची घाई

वसईत आम्हा ख्रिस्ती लोकांत मयताच्या घरी बोलायची वाक्यं ठरलेली आहेत. ‘देवाची मर्जी.’ ‘देवाला आवडला, त्यानं नेला.’ नव्वदीतली आजी गेली असेल तर ती खपतात. पण एका पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आळीतलं लहान पोर बावखलात, म्हणजे तळ्यात, बुडालं. अंगणात ताडपत्रीखाली जपमाळ चालली होती आणि येईल तो त्याच्या आईला तेच ऐकवून जात होता. मध्येच सर आली. ती उठली आणि दोरीवरचे पोराचे कपडे काढायला मागच्या दारी गेली. कुणीतरी पुटपुटलं, ‘श्रद्धा कमी पडते तिची.’

त्या शेऱ्याचा मला अजून राग येतो. रागाला आधार सापडला तो एका रशियन कादंबरीत.

दोस्तोव्हस्कीची ‘ब्रदर्स करामाझोव्ह’ 1879-80 साली मासिकातून क्रमशः आली. तिचा जगभर गवगवा झाला तो मुख्यतः इव्हानमुळे. हा बुद्धिमान भाऊ छळलेल्या मुलांच्या छापून आलेल्या हकिगती जमवतो आणि मठात राहणाऱ्या धाकट्या अल्योशाला विचारतो: शेवटी सगळ्याचा मेळ बसेलही, पण त्यासाठी एका निरपराध मुलाला रडावं लागणार असेल तर तो मेळ हवा कुणाला? देव आहे याला त्याची ना नाही. तो फक्त आपलं तिकीट आदरानं परत करतो. कामूच्या ‘द प्लेग’मध्ये एक मूल तडफडून मरतं आणि जवळच धर्मगुरू उभा असतो, तेव्हा इव्हानच तिथे येऊन बसल्यासारखा वाटतो.

मला मात्र इव्हान थोडा वकिली वाटतो. त्याच्या कात्रणांतली मुलं दुसऱ्यांची आहेत. दोस्तोव्हस्कीचं तसं नव्हतं. मे 1878मध्ये त्याचा स्वतःचा अल्योशा फेफऱ्यानं गेला, तीन वर्षांचा व्हायला तीन महिने असताना. पुढच्याच महिन्यात तो ऑप्टिनाच्या मठात अम्ब्रोसी या वृद्ध साधूला भेटायला गेला. हे दुःख कादंबरीत त्यानं इव्हानच्या पदरात घातलं नाही. ते दिलं एका खेडवळ बाईला, मुलाचं वयही तेच ठेवून. गेलेल्या पोराचा इवलासा पट्टा उराशी जपत ती साधू झोसिमाकडे येते. झोसिमा आधी नेहमीचंच सांगतो, बाळ देवदूतांत आहे. ती म्हणते, नवराही हेच सांगतो आणि स्वतः रडतो. मग साधू आपला सूर बदलतो: सांत्वन करून घेऊ नकोस बाई, रड. ही भेट दुसऱ्या भागात आहे, इव्हानचा प्रश्न पाचव्यात. उत्तर आधीच येऊन गेलेलं असतं, आणि ते युक्तिवादाचं नसतं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दुष्काळात तुकोबांची बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पुढे त्यांनी विठोबाला निर्दय म्हटलं, माझ्यापुरता तू मेलास असंही सुनावलं. वारकऱ्यांनी ते अभंग गाथेतून गाळले नाहीत. भुईगावचे थॉमस डाबरे 1998 साली वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले. त्यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावरच आहे. म्हणजे वसईच्या वेदीपर्यंत तुकोबा केव्हाच पोचले आहेत, मयताच्या अंगणात अजून नाहीत. शुभवर्तमानात आपण वाचतो की क्रुसावरून येशूनंही ‘का?’ असंच विचारलं. त्याची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा लहान मुलाच्या मयताला जाल तेव्हा देवाचं वकीलपत्र घेऊ नका. जपमाळ म्हणा, चहापाण्याचं बघा, घरी पेज पाठवा. आणि आई देवाला चार शब्द वाईट बोलली तर तीही प्रार्थनाच समजा.