देवाची योजना आणि आपला कोयता



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरांची शाळा मध्येच सुटते आणि आपण म्हणतो, "देवाची मर्जी!"

ही देवाची मर्जी नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवा. भावांनी त्याला विकले, ते पापच होते. देवाने ते करायला लावले नव्हते. पण त्या पापाने देवाची योजना मोडलीही नाही. माणसे जगावीत, हीच ती योजना. खड्डा, तुरुंग, राजदरबार अशी योसेफची जागा बदलत गेली, योजना तीच राहिली. आणि योसेफही हातावर हात ठेवून बसला नाही. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, म्हणून दुष्काळात मिसर देश जगला आणि त्याला विकणारे भाऊही जेवले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजी-आजोबांना याचे मोल सांगायला नको.

तुमच्या घरातून कोणी तोडीला जाणार असेल, तर लेकरे शाळेसाठी गावात कोणाकडे राहतील, हे आज मिस्सानंतर येऊन सांगा. गावातच राहणाऱ्या कुटुंबांनीही जरा थांबावे.