नाटकातली म्हातारी

दिवाळी सरली, धान घरी आलं की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे आणि नाटकांचे दिवस येतात. वडशाची कंपनी यायची. गाण्यांसकट नाटक पहाटेपर्यंत चालायचं. घरोघरी पाहुणे.

एका वर्षी नाटकातल्या छळल्या गेलेल्या म्हातारीसाठी मी हमसून रडलो. घरी आलो, तर माय अंगणात पाहुण्यांची भांडी घासत होती.

"कसा झाला बाबू नाटक?"

मी रंगवून सांगितलं. भांड्याला हात लावला नाही.

माझं रडणं खोटं होतं काय? नाही. पण नाटकातली म्हातारी माझ्याकडे काहीच मागत नव्हती. माय तरी कुठं मागत होती? फक्त तिच्यासाठी रडून भागलं नसतं, उठावं लागलं असतं.