ऐकताना पान उलटता येत नाही



गेल्या पावसाळ्यात आमच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली, हे आपणास ठाऊक आहेच. आपल्यापैकी कितीतरी जणांनी आमच्यासाठी रोझरी केली, कुणी पेज पाठवली, कुणी सुकटीची चटणी. सर्वांचे मनापासून आभार! डॉक्टरांनी मात्र बजावले होते, "फादर, महिनाभर वाचन बंद." ज्याचे अर्धे आयुष्य पुस्तकांत गेले, त्याला ही शिक्षाच. शेवटी आमच्या भाच्याने तोडगा काढला. त्याने आमच्या मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी भरून दिली. छापील नव्हे, बोलणारी. तिला ऑडिओबुक म्हणतात. एक जण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतो आणि आपण फक्त ऐकायचे. सुमारे अकरा तास!

ही कादंबरी म्हणजे 'द हॉबिट'. लेखक जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक आणि निष्ठावंत कॅथलिक. १९०४ साली, ते बारा वर्षांचे असताना, त्यांची आई वारली. वडील आधीच गेलेले. तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्या धर्मगुरूंनी केला. 'द हॉबिट' १९३७ साली प्रसिद्ध झाले, पण त्याआधी टोल्किन ही गोष्ट घरी आपल्या मुलांना सांगत असत. म्हणजे ही गोष्ट आधी कानांसाठी होती, डोळ्यांकडे ती नंतर आली.

कथा साहसाची आहे. बिल्बो नावाचा एक घरकोंबडा, खाण्यापिण्याची आवड असलेला छोटासा हॉबिट. तेरा बुटके आणि गँडाल्फ नावाचा जादूगार त्याला घराबाहेर काढतात. एका ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायचा असतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना हे पुस्तक आम्ही दोन रात्रींत संपवले होते. पुढे काय झाले, एवढेच आम्हाला हवे होते. वर्णन आले की पान उलटायचे, कुणी विचारात पडले की पान उलटायचे.

भाविकहो, ऐकताना पान उलटता येत नाही. बटण दाबून पुढे सरकता येते म्हणा, पण डोळ्यावर पट्टी असताना ते बटणही नीट सापडत नाही! वाचणारा थांबला की आपणही थांबायचे. असेच थांबता थांबता एके रात्री आम्ही त्या प्रसंगापाशी आलो, जो तरुणपणी आमच्या डोळ्यांखालून निसटला होता.

डोंगराखालच्या काळोख्या भुयारात बिल्बो एकटा सापडतो. तेथे गॉलम नावाचा एक हडकुळा, कपटी जीव राहतो. दोघांमध्ये कोड्यांची पैज लागते. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. बिल्बो जिंकतो, पण गॉलम चवताळून त्याचा पाठलाग करतो. बिल्बोला तेथेच एक अंगठी सापडलेली असते. ती बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. आता गॉलम बाहेरच्या वाटेवरच बसला आहे. बिल्बोच्या हातात तलवार आहे, आणि तो कुणाला दिसत नाही. एक वार केला की सुटका! तो वार करणारच असतो. इतक्यात त्याला त्या दुबळ्या जिवाचे सारे आयुष्य उमजते. एकटेपणा, थंडगार दगड, उजेड नाही, सोबत नाही. त्याला दया येते. तो तलवार चालवत नाही, काळोखात त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो.

विशेष म्हणजे १९३७च्या पहिल्या आवृत्तीत हा दयेचा प्रसंग नव्हताच. १९५१च्या आवृत्तीत टोल्किन यांनी ते प्रकरण बदलून लिहिले. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्यांची पुढील मोठी कादंबरी ह्याच दयेवर उभी आहे. तिच्या शेवटी नायक फ्रोडो ऐन वेळी कमी पडतो, त्याच्याने ती दुष्ट अंगठी आगीत टाकवत नाही. गॉलम ती हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत कोसळतो. त्या काळोखात बिल्बोने गॉलमला मारले असते तर जग वाचले नसते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपल्याच धर्मग्रामातील एक बंधू आमच्यावर दोन वर्षे नाराज होते. (त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.) त्यांची आई अत्यवस्थ असताना त्यांनी आम्हाला निरोप धाडला होता. आम्ही सकाळी गेलो. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार न मिळताच आई पहाटे गेली होती. त्यानंतर ते तीनदा आमच्याकडे आले, आणि तिन्ही वेळा त्यांच्या दुसऱ्या वाक्यालाच आमचे उत्तर तयार होते. निरोप उशिरा मिळाला, पाऊस होता, सकाळची मिस्सा होती. आम्ही त्यांना ऐकले नाही. आम्ही त्यांचे पान उलटले.

त्यांच्यावर दया करावी, अशा उदार भावनेने आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "आज आम्ही बोलणार नाही. तुम्ही सांगा." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, आई रात्रभर विचारत होती, पाद्रीबाबा आले का? मी तिला सांगत होतो, वाटेवर आहेत, वाटेवर आहेत. फादर, मी माझ्या आईशी शेवटच्या रात्री खोटे बोललो."

बंधुभगिनींनो, दोन वर्षे ते हेच सांगायला येत होते. तक्रार नव्हे, मनावरचे ओझे. तेव्हा आम्हाला कळले की आम्ही स्वतःला बिल्बो समजून गेलो होतो, पण वाट अडवून बसलेले आम्हीच होतो. तलवार त्यांच्या हातात होती. त्यांनी ती चालवली नाही. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी 'माफ केले' असे शब्द उच्चारले नाहीत, आम्हीही ते मागितले नाहीत. मात्र अंधार पडल्यावर आमच्या डोळ्याची काळजी करून त्यांनी आम्हाला आपल्या स्कूटरवरून पॅरिश हाउसवर आणून सोडले.

आज आपण परमेश्वराच्या वचनाचा रविवार साजरा करीत आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार ह्यासाठी ठरवून दिला. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे वचन वाचून दाखवतो, आणि हे वचन आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाले आहे, असे सांगतो. वाचण्यात नव्हे, ऐकण्यात! प्रभूने स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. तो बोलला आणि लोकांनी ऐकले. संत थॉमस अक्वायनस ख्रिस्तशरीरावरील आपल्या स्तोत्रात म्हणतात की डोळे, जीभ, स्पर्श ह्यांची फसगत होते, श्रद्धेला कानांचाच आधार आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीयांनी १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापले, तेही मराठी ओव्यांत, म्हणजे लोकांनी बसून ऐकावे म्हणून. ऐकणे हा आपला जुना वारसा आहे.

म्हणून ह्या आठवड्यासाठी दोनच गोष्टी सुचवतो. पहिली, आजच्या मिस्सात वाचन सुरू झाले की हातातील पत्रिका मिटा. (ही पत्रिकासुद्धा!) वाचकाकडे पाहा आणि ऐका. एखादा शब्द निसटला तर निसटू द्या. दुसरी, घरात किंवा शेजारी असे कुणीतरी असेल, ज्याचे बोलणे आपल्याला पाठ झाले आहे असे आपल्याला वाटते. म्हातारे वडील असतील, सासू असेल, रुसलेला भाऊ असेल. त्याच्याजवळ बसा आणि उत्तर तयार न ठेवता शेवटपर्यंत ऐका. कदाचित खरी गोष्ट तिसऱ्या वाक्यात असेल.

आमचा डोळा आता बरा आहे, वाचनही सुरू झाले आहे. घाईची सवय मात्र पुन्हा डोके वर काढते. आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि कधी तुम्ही बोलत असताना आम्ही मध्येच उत्तर देऊ लागलो, तर निःसंकोच सांगा, "फादर, पान उलटू नका."

प्रभू आपणा सर्वांना ऐकणारे कान आणि दयाळू अंतःकरण देवो.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू