अंथरूण आणि पाय

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश मराठी माणूस लहानपणीच ऐकतो. तो खर्चाविषयीचा असतो आणि त्यापुरता शहाणपणाचाही असतो. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अंथरूण आधीच शिवून झाले आहे. यापुढे जे जुळवून घ्यायचे ते पायांनी. अंथरूण कोणी शिवले, कोणाच्या पायांचे माप घेऊन शिवले, हा प्रश्न या उपदेशाच्या कक्षेत येत नाही. तो विचारण्याची वेळ पुष्कळदा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपाशी येते. सायकल ही अशीच एक वस्तू आहे.

दिल्लीच्या झंडेवालान भागात सायकलींचा मोठा बाजार आहे. तेथून जवळच पहाडगंजात दिल्लीकर मराठी समाजाच्या जुन्या संस्था आहेत. त्या वस्तीतील एखादी शिक्षिका या बाजारात आली आहे, अशी कल्पना करावी. तिची उंची जेमतेम पाच फूट. रविवारी गुरुग्राम-फरीदाबादकडील अरवलीच्या पायवाटांवर फिरण्यासाठी तिला माउंटन बाइक हवी आहे. दुकानदार तिला चाकाचे माप विचारतो : सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस इंच? चौकटीचे माप तो विचारत नाही. तिच्या पायाची लांबी तर नाहीच. सायकल मोठी वाटते असे तिने म्हणताच तो पाना घेतो आणि सीट पार खाली बसवून देतो. तिचे पाय पायडलपर्यंत पोहोचतात. व्यवहार मिटल्यासारखा वाटतो.

वस्तुतः तो मिटलेला नसतो. सीट वरखाली करता येते. चौकट करता येत नाही. सीट आणि हँडल यांमधील अंतर मुख्यतः चौकटीच्या लांबीने ठरते. ते अंतर शरीराला झेपेनासे झाले की हात ताणले जातात, खांदे आखडतात आणि मान दुखू लागते. हँडल धरणारा पुढचा तुकडा आखूड बसवला तर हे अंतर थोडे कमी होते, पण मग सायकल वळवण्याची रीत बदलते. पायडलचे दांडे बहुधा १७० ते १७५ मिलिमीटर लांबीचे असतात. आखूड पायांना ते प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा अधिक दुमडायला लावतात. ब्रेकची मूठ मोठ्या पंजाच्या अंदाजाने बसवलेली असेल तर लहान बोटे तिच्यावर पुरेसा जोर देऊ शकत नाहीत. यांतील एकही दोष दुकानाच्या फरशीवर दिसत नाही.

तो अरवलीत दिसतो. तेथील वाट सुट्या दगडांची, दुतर्फा विलायती कीकराच्या काट्यांची. उतारावर चाक अडले की स्वाराला क्षणार्धात पुढे उतरून पाय जमिनीवर टेकावा लागतो. अशा वेळी वरची दांडी आणि शरीर यांच्यामध्ये काही बोटे मोकळी जागा असणे ही चैन नसते. पडणे आणि सावरणे यांतील तो फरक असतो. ज्याचा पाय जमिनीपर्यंत पोहोचत नाही त्याला वाट अवघड नाही, परकी वाटते. दोन-तीनदा पडल्यावर असा माणूस सायकल विकून टाकतो आणि स्वतःविषयी एक वाक्य मनाशी पक्के करतो : हे आपल्यासाठी नाही.

या वाक्यातच नैतिक प्रश्न दडलेला आहे. ‘ही चौकट मोठी आहे’ आणि ‘तुमची उंची कमी आहे’ ही दोन विधाने एकाच अंतराचे वर्णन करतात. पण पहिल्यात उणीव वस्तूकडे जाते, दुसऱ्यात देहाकडे. बाजार सहजपणे दुसरे विधान करतो, आणि ग्राहकही ते तितक्याच सहजपणे मान्य करतो. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५३ सेंटिमीटर आणि पुरुषांची सुमारे १६५ सेंटिमीटर भरते. त्याच वर्षी जन्मलेल्या डच पुरुषांची १८२ सेंटिमीटरहून अधिक. म्हणजे दुकानात जिला ठेंगणी ठरवले जाते ती आपल्या देशातील स्त्रियांच्या सरासरीच्या आसपासच असते. माउंटन बाइक १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीच्या डोंगरउतारांवर घडली; जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी चौकट बांधली. आपल्या आणि आपल्या सोबत्यांच्या शरीरांना सोयीची वस्तू त्या तरुणांनी बनवली, यात दोष काहीच नव्हता. त्यांचे माप पुढे माणसाचे माप म्हणून जगभर गेले, तेथे दोषाला सुरुवात झाली.

सरासरीचा आश्रय घेऊनही हा दोष टळत नाही. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३५ साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. पुढे १९५० साली अमेरिकी वायुदलाने चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेतली. त्यांतील दहा मापे निवडून गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने पाहिले, तेव्हा दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. सर्वांसाठी म्हणून जे आसन कल्पिले होते ते कोणाचेच नव्हते. त्यानंतर हलवता येणाऱ्या आसनांचा आग्रह धरला गेला. वैमानिक बदलण्यापेक्षा आसन बदलणे शहाणपणाचे, हे युद्धाच्या यंत्रालाही कळले. सायकलीच्या बाजाराला ते पुरते कळलेले नाही.

माप घेण्याच्या दोन रीती येथे शेजारी ठेवून पाहता येतील. शुल्बसूत्रांत अग्निचयनाच्या वेदीसाठी ‘पुरुष’ हे माप सांगितले आहे. यजमान हात वर करून उभा राहिला असता जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत जी उंची भरते ते हे माप. यजमान बदलला की वेदीही बदलते. ल कार्बूझिए या वास्तुकारानेही हात उंचावलेल्या माणसाचीच आकृती प्रमाण मानली आणि चंदीगढच्या बांधकामात तिचा उपयोग केला. मात्र तो माणूस कोणी विशिष्ट नव्हता. प्रथम त्याची उंची १७५ सेंटिमीटर होती, पुढे ती १८३ झाली. इंग्रजी गुप्तहेरकथांतील रुबाबदार पुरुष सहा फुटी असतात, हेही त्याचे एक कारण सांगितले गेले. एका रीतीत समोर उभ्या असलेल्या देहाला विचारले जाते, दुसरीत कल्पिलेल्या देहाचे उत्तर सर्वांना दिले जाते. अर्थात पहिल्या रीतीचाही अतिगौरव नको. वेदीचे माप यजमानाच्या देहावरून घेतले जाई; विटा वाहणाऱ्याच्या नव्हे. प्रत्यक्ष देहाला विचारणे पुरेसे नाही. कोणाच्या देहाला विचारले जाते, हेही पाहावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येकाच्या मापाची वस्तू करायची तर ती स्वस्त कशी राहील? १९५१ साली सोनीपत येथे सुरू झालेल्या ॲटलससारख्या कारखान्यांनी काळी, उंच, एकसारखी सायकल लाखो घरांत पोहोचवली. त्या एकसारखेपणातच तिची स्वस्ताई होती. बावीस आणि चोवीस इंची चौकटींच्या त्या सायकलींवर शाळकरी मुले दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलंडवून, अर्धे पायडल मारत शिकली. उत्तर भारतात त्या रीतीला ‘कैंची’ म्हणतात. ती आठवण सांगताना आजही प्रौढांचे डोळे चमकतात, आणि ते कौतुक योग्यच आहे. परंतु मुलाच्या चतुराईचे कौतुक हे सायकलीचे समर्थन होऊ शकत नाही. माणूस कशाशीही जुळवून घेतो, म्हणून त्याला कशाशीही जुळवून घ्यायला लावावे, असा अर्थ काढणे म्हणजे त्याच्या गुणाचाच त्याच्याविरुद्ध वापर करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कोणाला काय जुळते हे दुसऱ्याने ठरवणे, हीही एक सक्तीच. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल शिकल्या. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा अनेकींनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि कित्येकींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येई, हे पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. दांडी नसलेली सायकल ‘स्त्रीसाठी योग्य’ असे ज्यांनी ठरवले त्यांनी तिच्या वस्त्रांचा विचार केला होता, तिच्या मुलाचा नव्हे. म्हणून मापाचा प्रश्न केवळ फूटपट्टीने सुटत नाही. ज्याला वस्तू वापरायची आहे त्याला ती कशासाठी हवी, हेही त्यालाच विचारावे लागते.

तेव्हा न्याय म्हणजे प्रत्येकासाठी स्वतंत्र चौकट नव्हे. तसे करणे कोणत्याही कारखान्याला साधणार नाही. पण तीन गोष्टी साधण्यासारख्या आहेत : वस्तू कोणाच्या मापाने केली हे लपवू नये, जे हलवता येईल ते हलते ठेवावे, आणि जे उरतात त्यांना अपवाद न मानता त्यांच्यापासूनही रचनेला आरंभ करून पाहावा. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या अभियंता स्त्रीने १९८५ साली अशी सुरुवात केली. लहान चणीच्या स्त्रियांसाठी पुढचे चाक मागच्याहून लहान ठेवून तिने चौकट आखूड केली. दोन्ही चाके सारखीच असली पाहिजेत, हा नियम निसर्गाचा नव्हता, सवयीचा होता.

झंडेवालानच्या त्या दुकानात परत यावे. सीट खाली गेली आहे, दुकानदाराने पाना ठेवला आहे, आणि ती शिक्षिका दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहण्याचा प्रयत्न करते आहे. टाचा उचललेल्या, केवळ चवडे फरशीला लागलेले. ही घ्यावी की नाही, हे ती ठरवेलच. पण त्याआधी तिने मनात कोणते वाक्य उच्चारले, यावर बरेच अवलंबून आहे. ‘मी बुटकी आहे’ असे म्हणून ती निमूटपणे पैसे मोजू शकते किंवा निमूटपणे घरी जाऊ शकते. ‘ही मोठी आहे, याहून लहान चौकट दाखवा’ असे म्हणाली तर कदाचित त्या दिवशी तिला सायकल मिळणारही नाही. तथापि, अंथरूण कोणी शिवले हा प्रश्न त्या दुकानात एकदा तरी विचारला गेलेला असेल.