दफनभूमीतील घूस

सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस, म्हणजे २ नोव्हेंबर, जवळ आला की वाशीम जिल्ह्यातील आमच्या छोट्याशा दफनभूमीत गवत कापण्याचे काम निघते. पावसाळाभर तिकडे कोणी फारसे फिरकत नाही. ऑक्टोबरअखेर पाहावे तो कमरेएवढे गवत, त्यात कुसळे, आणि कोणता क्रूस कोणाचा हे चाचपून ओळखण्याची पाळी. पूर्वी आमच्यातील वडीलधारी माणसे विळे घेऊन दोन दिवस बसत. अलीकडे पेट्रोलवर चालणारे, खांद्याला अडकवायचे कटर घेऊन एक तरुण येतो आणि रोजावर अर्ध्या दिवसात सारे आटोपून जातो.

एका वर्षी मात्र ते आटोपले नाही. काम सुरू होऊन तास झाला नसेल, तोच गवतात दडलेल्या मातीच्या ढिगावर पाते आपटले. एक दगड सणसणत जाऊन भिंतीवर आदळला आणि पात्याच्या तीन दातांपैकी एक तुटला. गवत बाजूला सारून पाहिले, तर असे दहा-बारा ढीग. घुशींचे काम. त्यांतील दोन ढीग तर कबरींच्या अगदी उशाशी होते.

इंग्रजी पुस्तकांतून हिरवळीखाली बोगदे काढणाऱ्या ‘मोल’ नावाच्या प्राण्याविषयी आपण वाचतो. चिचुंद्री म्हणजेच तो, असा पुष्कळांचा समज असतो. पण आपल्या घरात चीं चीं करीत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री असे ढीग घालत नाही. खरा मोल भारतात आढळतो तो पूर्व हिमालयाकडील डोंगराळ भागात. तो मुळे खात नाही. गांडुळे आणि अळ्या यांवर तो जगतो, आणि ढीग म्हणजे त्याने खणून बाहेर लोटलेली माती, एवढेच. आमच्याकडची घूस मात्र धान्य, मुळे, कंद सारे खाते आणि बिळात साठाही करते. शेतकऱ्याला ती शत्रू वाटते यात नवल नाही. पण पात्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच, कारण मातीबरोबर खालचे खडे वर येतात.

प्राण्यांवर आपण आपली मैत्री आणि वैर किती सहज लादतो! इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडून जायबंदी झाला आणि त्यातच पुढे वारला. घोडा मोलच्या बिळाला अडखळला होता असे सांगतात. पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या घराण्याचे पक्षपाती त्यानंतर त्या काळ्या मखमली अंगाच्या प्राण्याला सद्गृहस्थ म्हणवून त्याच्या नावाने पेले उंचावीत. ती मंडळी आपल्या पंथाची किंवा आपल्या पंथाची कैवारी होती म्हणून आपल्याला त्यांच्याविषयी कितीही आपुलकी वाटो, एका माणसाच्या मरणाचा असा आनंद आम्हांला काही रुचत नाही. मोल बिचारा आपले अन्न शोधीत होता.

त्या संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर आम्ही जमलो. उशाशी ढीग असलेल्या एका कबरीत ज्यांचे पती आहेत त्या आजी आल्या होत्या. “माझ्या माणसाला तिथंही सुख नाही का रे बाबांनो?” असे म्हणून त्या रडू लागल्या. लगेच कोणी झिंक फॉस्फाईडचे नाव काढले. ही काळी भुकटी दाण्यांना तेलातून चोळून बिळाशी ठेवतात. पोटात गेल्यावर तिच्यातून विषारी वायू निघतो आणि तिच्यावर उतारा नाही. दाणे बाहेर राहिले तर ते होले आणि कोंबड्याही टिपतात. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे की, नागपंचमीला आपले शेजारी शेतकरी नांगर धरीत नाहीत, विळा चालवीत नाहीत, भूमीतल्या जिवाला इजा नको म्हणून. मग जिथे आपण प्रार्थना करतो त्याच जमिनीत विष कसे घालायचे?

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात याविषयी दोन गोष्टी एकाच परिच्छेदात सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, ही पहिली. माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा प्राधान्याने जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय, ही दुसरी. आमच्या बैठकीत पहिल्या गोष्टीवर तासभर वाद झाला. पिकासाठी घूस मारणे आणि हिरवळ नेटकी दिसावी म्हणून मारणे यांत फरक आहे, येथपर्यंत आम्ही आलो. आमची कबर सहा फूट खोल असते आणि बिळे बहुधा वरच्या दोन-तीन फुटांतच राहतात, हेही आजींना समजावून झाले. दुसरी गोष्ट कोणालाच आठवली नाही.

ती आठवली फाटकापाशी येणाऱ्या आवाजाने. तो तरुण कानस घेऊन उरलेले दोन दात घासून तुटक्या दाताएवढे करीत बसला होता. एक दात गेलेले पाते तोल सोडते, साऱ्या दांड्याला हादरे बसतात, आणि फिरत्या पात्याचा तुकडा उडाला तर माणसाचा पाय जायबंदी होतो. असे पाते टाकूनच द्यावे. पण कटर भाड्याचे होते, नव्या पात्याचे पैसे त्याच्या रोजातून कापले जाणार होते. घुशीच्या जिवाची काळजी आम्ही केली, आजींच्या दुःखाची केली. ज्याच्या पायापासून वीतभर अंतरावर ते पाते फिरत होते, त्याला मात्र आम्ही चहाही विचारला नव्हता.

“आधी पाहून घ्या लागते जी,” तो फादरांना म्हणाला. “ढीग कुठं हायेत ते कोणी सांगतलं असतं तं पातं वाचलं असतं.”

खरेच होते. ढीग आमच्या जमिनीतले आणि ते पाहून ठेवणे आमचे काम. नव्या पात्याचे पैसे आम्ही दिले, तेही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, एकाने कुरकुर केल्यानंतर.

विष घातले नाही. आता ऑक्टोबरात, माती किंचित ओलसर असतानाच, आमच्यातील चौघे काठ्या घेऊन सारी जागा फिरतात. काळी माती एकदा वाळली की दगडासारखी होते, म्हणून ही घाई. खडे वेचतात, जुने ढीग फावड्याने पसरतात आणि ताज्या ढिगाशी एक फांदी रोवतात. कटर चार बोटे उंच धरायचे आणि फांदीजवळ पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावायची, असा त्या तरुणाचाच सल्ला. दगडावर दोरी तुटली तर नवी ओढता येते. खडे तीही उडवते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि पायांत जाड बूट आम्ही घेऊन ठेवले आहेत. फांद्यांभोवती थोडे गवत उभेच राहते. दुरून पाहणाऱ्याला काम अर्धवट टाकल्यासारखे वाटेल.

गेल्या २ नोव्हेंबरला आजींच्या पतीच्या कबरीशी पुन्हा ताजी माती निघाली होती. फादर पवित्र पाणी शिंपडीत पुढे गेले. आजी वाकल्या, हाताने ती माती जराशी दाबली आणि मेणबत्ती नीट उभी राहावी म्हणून तिच्यातच रोवली.