निंबोळीची भुकटी आणि आपला विवेक



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत भात हे मुख्य पीक. पावसावरचे हे पीक वर्षातून एकदाच हाती येते आणि कित्येक घरांची चूल त्यावरच पेटते. अशा खाचरात खोडकिडा किंवा तुडतुडे पडले तर शेतकऱ्याने काय करावे? हा प्रश्न शेतीचा आहे, तसाच नीतीचाही आहे.

एक उपाय घरचा आहे. ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण मिसळायचा आणि पाणी घालून १०० लिटर द्रावण फवारायचे. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीला तत्काळ मारत नाही. ते तिचे खाणे थांबवते, तिची वाढ बिघडवते. म्हणून ते वेळेत फवारावे लागते. अळी एकदा खोडात शिरली की तिच्यापर्यंत ते पोहोचणे कठीण.

मग ‘वनस्पतीचे ते निर्दोष’ असे म्हणावे काय? तंबाखूही वनस्पतीच आहे आणि तिच्यातले निकोटिन माणसालाही विषारी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी कृती पारखताना तीन गोष्टी पाहायला शिकवले: ती काय आहे, कशासाठी आहे आणि कोणत्या परिस्थितीत केली जाते. पीक वाचवणे हा हेतू चांगलाच आहे. पण तेवढ्याने प्रत्येक साधन योग्य ठरत नाही.

इंडोनेशियात भातावर भरमसाट फवारण्या झाल्या, तेव्हा तुडतुड्यांना खाणारे कोळीच मेले आणि तुडतुडे उलट वाढले. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. तेव्हा ‘कीड मेली का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किडीबरोबर आणखी कोण मेले?’ हेही विचारावे लागते.

पण हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याला विचारणे अन्यायाचे होईल. सौम्य उपायाला मेहनत जास्त, खात्री कमी. थोडे पीक किडीला जाणारच. ते नुकसान कोणी सोसायचे? आपल्यापैकी पुष्कळ जण तांदूळ विकत घेऊन खातो. आपल्याला दाणा स्वच्छ हवा, अखंड हवा आणि स्वस्तही हवा. शेतकऱ्याने विष टाळावे असा उपदेश भरल्या ताटावरून करणे सोपे आहे. त्याच्या धोक्यातला वाटा आपण उचलत नाही, तोवर त्या उपदेशाला वजन नाही.

म्हणून या हंगामात एवढे तरी करू या. असा तांदूळ पिकवणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्याच्याकडूनच घेऊ या, भावात घासाघीस न करता. आणि ताटात एखादा डागी दाणा आला, तर तो बाजूला सारताना खाचरात कोणाचा तरी जीव वाचला आहे, हे आठवू या.